तपासणाऱ्याला कोण तपासतंय?

"आता सगळं मशीनच तपासतं" हे ऐकून ऐकून कान किटले. सॉफ्टवेअरचं पॅकेज आलं, चाचणीचं यंत्र फिरलं, हिरवी खूण उमटली, विषय संपला! पण त्या यंत्रालाच कोणी सांगितलं की 'एवढं बघू नकोस', तर तो बदल कोण वाचतं?

'एक्सझेड' हे फाइली दाबून लहान करणारं फुकट सॉफ्टवेअर, जगभरच्या लिनक्स सर्व्हरवर असतं. फिनलंडचा लासे कॉलिन ते बिनपगारी सांभाळायचा. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला, काम उरकत नाही तर दुसऱ्याला अधिकार द्या. चाव्या गेल्या 'जिआ टॅन' नावाच्या मदतनिसाकडे.

मग बघा. गुगलची 'ओएसएस-फझ' ही स्वयंचलित चाचणी यंत्रणा एक्सझेडही तपासायची. मार्च २०२३ मध्ये या टॅनने दोषांचे इशारे आपल्याकडे येतील अशी सोय केली. जुलैत दुसरा बदल पाठवला: चाचणीपुरती 'आयफंक' ही सोय बंद ठेवा, तिच्यामुळे चाचणी बिघडते. कारण पटण्यासारखं होतं. मंजूर! फेब्रुवारी २०२४ च्या ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवला, तो याच आयफंकचा आधार घेऊन.

जाणकार म्हणतात, चाचणी पूर्ण चालली असती तरी तो सापडला असताच असं नाही. मान्य. पण ज्याचा माल तोच म्हणतो इकडे बघू नका, आणि आपण मान डोलावतो? बाजार समितीत व्यापाऱ्याने काट्याचं सील स्वतः काढलं तर शेतकरी लिलाव बंद पाडतील.

पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याने. लॉगइनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून तो खोदत बसला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने जगाला सांगितलं. हिरव्या खुणा तोवर हिरव्याच होत्या.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. चाचणी वगळणारा, इशारा दाबणारा कुठलाही बदल दोन माणसांनी वाचल्याशिवाय आत जाता कामा नये, आणि त्यातला एकही पॅकेजवाला नको. वाचणाऱ्याला पगार द्या. फुकटच्या कोडवर धंदा करणाऱ्या कंपन्यांना तो जड नाही.

आणि आपल्याकडे? घरपट्टीपासून दाखल्यांपर्यंत सगळं ऑनलाइन झालंय. त्या सॉफ्टवेअरची तपासणी कशाने होते, त्यातल्या कुठल्या चाचण्या बंद ठेवल्यात आणि कोणाच्या सहीने, हे विचारायला माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो. मी सोमवारी टाकतोय.