डिस्कची राखण कोणाकडे सोपवावी?



संगणकात एकीऐवजी दोन हार्ड डिस्क बसवल्या आणि प्रत्येक गोष्ट दोन्हींवर लिहून ठेवली, तर एक डिस्क निकामी झाली तरी माहिती शाबूत राहते. ही युक्ती तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात अशा रचनांची वर्गवारी मांडली. तेव्हापासून त्या ‘रेड’ या नावाने ओळखल्या जातात. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडाव्यात आणि त्यांतली एखादी बिघडणारच असे गृहीत धरून चालावे, हा त्यामागचा विचार.

आता ही जोडणी सांभाळायची कोणी? एक मार्ग खास कार्डाचा. त्यावर स्वतःचा प्रोसेसर असतो आणि संगणकाला वाटते की आपल्याला एकच डिस्क जोडलेली आहे. दुसरा मार्ग म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असलेली ‘एमडी’ ही सोय. माझे मत आधीच सांगून टाकतो: घरच्या लिनक्स संगणकाला कार्डाची गरज नाही.

कार्डाने मुख्य प्रोसेसरवरचा गणिताचा भार हलका होतो, असे सांगितले जाते. हे गणित आहे तरी केवढे? समजा, तीन डिस्कवर १, ०, १ असे अंक आहेत. चौथ्या डिस्कवर असा अंक लिहायचा की एकूण ‘१’ ची संख्या सम व्हावी. म्हणजे इथे ०. आता तिसरी डिस्क गेली. उरले १, ०, ०. ‘१’ ची संख्या विषम झाली, तेव्हा हरवलेला अंक १ च असला पाहिजे! रेड ५ मध्ये हेच चालते. फक्त हा जादा अंक आळीपाळीने सर्व डिस्कवर ठेवतात. १९८८ च्या प्रोसेसरला हे काम जड जात असे. आजचा प्रोसेसर असे गणित सेकंदाला कित्येक गिगाबाइट वेगाने करतो, तर फिरती डिस्क सेकंदाला दीडशे ते अडीचशे मेगाबाइटच देते. वाट पाहावी लागते ती डिस्कची. शिवाय दोनच डिस्कची आरसा-जोडणी, म्हणजे रेड १, असेल तर गणित मुळी नाहीच.

खरा धोका वेगळाच आहे. कार्ड हाही एक विद्युत भागच, तोही बिघडतो. डिस्कवर माहिती कशी मांडली आहे याची नोंद कार्ड बहुधा स्वतःच्या पद्धतीने करते आणि दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला ती वाचता येईलच असे नाही. दोन्ही डिस्क धडधाकट, पण घरातले सारे फोटो कुलूपबंद! लिनक्सची पद्धत उघड आहे. डिस्क काढून दुसऱ्या कोणत्याही लिनक्स संगणकाला लावा. ‘एमडीएडीएम’ हा प्रोग्रॅम त्या ओळखून पुन्हा जुळवतो.

मदरबोर्डावरच ‘रेड’ असल्याची जाहिरात असते, तिला भुलू नका. तिथे काम बहुधा मुख्य प्रोसेसरच करतो. नावाने हार्डवेअर, कामाने सॉफ्टवेअर. त्याच जोडणीवर विंडोजही हवे असेल तरच तिचा विचार करावा.

कार्डाचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. चांगल्या कार्डावर बॅटरी असते. लिहिता लिहिता वीज गेली तरी अर्धवट राहिलेली माहिती त्याच्या स्मृतीत टिकते. आपल्याकडे वीज कशी जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण घरी हे काम एका लहान यूपीएसने बऱ्याच कमी पैशांत भागते, आणि त्याने मॉनिटरही चालू राहतो.

वाचलेल्या पैशांतून आणखी एक बाहेरची डिस्क घ्या, कारण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. प्रकल्पाची फाइल चुकून पुसलीत, तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. त्या तिसऱ्या डिस्कवर नियमित नक्कल करावी आणि ती शक्यतो मावशीच्या किंवा काकांच्या घरी ठेवावी.

एक सवयही लावून घ्या. लिनक्समध्ये ‘एमडीस्टॅट’ नावाची फाइल असते. तिच्यात कंसात दोन ‘यू’ दिसले तर सर्व ठीक. एकाच्या जागी आडवी रेघ दिसली तर एक डिस्क गेली असे समजावे. संगणक तक्रार न करता तसाच चालत राहतो, म्हणून पुष्कळांना हे महिनोन् महिने कळतही नाही.

हे सारे पुसून टाकण्याजोग्या दोन पेनड्राइव्हवर करून पाहता येते. त्यांची रेड १ जोडणी करा, एखादी फाइल ठेवा आणि एक पेनड्राइव्ह काढून घ्या. फाइल उघडते का? मग तो पुन्हा जोडणीत सामील करा आणि दोन्ही सारखे व्हायला किती मिनिटे लागली, ते वहीत टिपून ठेवा.