इमारतींना उजेड-वाऱ्याचा दाखला सक्तीचा करा

मुंबईतल्या वैद्यकीय संशोधनाचे मूळ परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये सापडते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वाल्देमार हाफकिन शहरात दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला हलली. आजची हाफकिन संस्था ती हीच. लशीची ही कथा शाळकरी मुलांनाही माहीत असते. त्याच आवारात पुढे घरांवर झालेले संशोधन मात्र विस्मरणात गेले आहे, आणि पुनर्विकासाच्या आजच्या धामधुमीत शहराला गरज आहे ती नेमकी त्याची.

१९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळला तळ ठोकला. उंदराच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत मांडले होते, पण बहुतेकांनी ते मनावर घेतले नव्हते. आयोगाने प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडले. मोकळ्या गिनीपिगांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढल्या आणि त्यांतले बरेच प्लेगने मेले; पिसू शिरणार नाही अशा बारीक जाळीच्या पिंजऱ्यातले मात्र त्याच खोलीत राहूनही वाचले. हवा तीच, जमीन तीच, फरक फक्त जाळीचा. याशिवाय आवारात वेगवेगळ्या छपरांची छोटी गोदामे बांधून कोणत्या छपरातून उंदीर आत येतात, हेही पाहिले गेले. रोगाचा माग काढताना घराचे छप्पर तपासायचे असते, ही दृष्टी तिथली.

हिवतापाच्या बाबतीत तर संशोधनाचा थेट नियमच झाला. सी. ए. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात दाखवले की मुंबईतला हिवताप दलदलीतून येत नाही. तो वाड्यांतल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढणाऱ्या अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सी डासांमुळे येतो. विहिरी झाकण्यावरून मोठा वाद झाला, धार्मिक भावनांचा प्रश्न निघाला, तरी विहिरी झाकल्या गेल्या. आजही गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण नसेल तर महापालिकेचे कीटकनाशक खाते सोसायटीला नोटीस धाडते.

उजेड आणि हवा यांचाही नियम होता. बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास साडेत्रेसष्ट अंशांचा कोन आग्रहाने मांडला. त्याचा साधा अर्थ असा, की इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी जागा तिच्यासमोर मोकळी हवी, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीलाही आकाश दिसते. ट्रस्टचे गुणगान करण्याचे कारण नाही. त्याने बांधली त्याहून अधिक घरे पाडली आणि गरिबांना आणखी दाटीत लोटले. तरीही हे गणित चुकीचे नव्हते.

या गणिताचे पुढे काय झाले, ते गोवंडी-मानखुर्दला पाहावे. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या वसाहती प्रकल्पग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या. घर २२५ चौरस फुटांचे आणि दोन इमारतींत अंतर जेमतेम तीन मीटर. ऑर यांच्या हिशेबाने सात मजली, म्हणजे साधारण २१ मीटर उंच इमारतीसमोर साडेदहा मीटर मोकळे हवेत. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन वसाहतींत साधारण दर दहा घरांमागे एका घरात क्षयरोग आढळला. जवळच्याच, पण जास्त मोकळ्या बांधणीच्या पीएमजीपी वसाहतीत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होते. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे त्रास अधिक. कारण गूढ नाही. क्षयाचे जंतू खोकल्याच्या सूक्ष्म तुषारांतून हवेत येतात आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. खेळती हवा त्यांना विरळ करते, उन्हातले अतिनील किरण त्यांना मारतात.

यावर आक्षेप ठरलेला आहे: तिथले लोक गरीब, कुपोषित, आजार घेऊनच आलेले. आक्षेप अगदीच फोल नाही. एका पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि क्षयाला अन्नाची ददातही तेवढीच जबाबदार असते. परंतु पीएमजीपीत श्रीमंत राहत नाहीत, आणि एकाच इमारतीत वरच्या व खालच्या मजल्यांत पडणारा फरक नुसत्या गरिबीने उलगडत नाही. दाटीचा परिणाम कोविडमध्येही दिसला. जुलै २०२० मध्ये तीन प्रभागांत झालेल्या सेरो सर्वेक्षणात झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. झोपडपट्टीबाहेर हे प्रमाण १६ टक्के होते.

तरीही नियम दाटीकडेच झुकत गेले. पुनर्वसन योजनांत हेक्टरी किमान ५०० घरांची अट होती, ती २०३४ पर्यंतच्या विकास नियंत्रण नियमावलीत ६५० झाली. समासातल्या मोकळ्या जागेतही सवलती मिळतात. बिल्डरचे गणित त्यावर जुळते. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचा महिनोन्‌महिने चालणारा उपचार त्या गणितात कुठेच धरलेला नसतो. तो खर्च महापालिकेच्या शिवडी रुग्णालयात आणि रुग्णाच्या बुडालेल्या रोजगारात मोजला जातो.

उंच इमारत अग्निशमन दलाच्या ना-हरकतीशिवाय उभी राहत नाही, आणि ते कोणाला जाचकही वाटत नाही. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, एमएमआरडीए आणि महापालिका यांनी उजेड-वाऱ्याचा दाखलाही तसाच सक्तीचा करावा. आराखडा मंजूर होण्यापूर्वी तळमजल्याच्या घरात किती तास ऊन येते आणि हवा किती खेळते, याचे मोजमाप सार्वजनिक आरोग्य खात्याने तपासावे. ते पुरेसे नसेल तर मजले कमी करावेत. नटवर पारेखसारख्या उभ्या वसाहतींत वायुवीजनाची दुरुस्ती सरकारी खर्चाने व्हावी. आणि रुग्णांची नावे वगळून इमारतवार क्षयाची आकडेवारी संशोधकांना दरवर्षी खुली करावी.