'आमची सहल' : एक नापास निबंध

सहावीत होतो. शाळेची सहल रायगडाला निघाली. बाप नाक्यावर बिनकामाचा. पैसे कुठनं भरणार? बस गेली, मी वस्तीत. सोमवारी गुरुजींनी फळ्यावर विषय टाकला : 'आमची सहल'. मी नळावरचं भांडण लिहिलं, आयाबायांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे. वहीवर लाल रेघ : 'विषयांतर. भाषा अशुद्ध.'

कुणाची सहल? कुणाची भाषा?

भाषा फिरून, बघून, ऐकून शिकावी, असं शिक्षणतज्ज्ञ सांगतात. कबूल! पण फिरवता कुठं? ती बस महाडवरनंच गेली. पोरांनी तिथं वडापाव खाल्ला म्हणे. चवदार तळं कुणी दाखवलं नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी तिथं ओंजळ भरली आणि 'पाणी' या शब्दाचा अर्थच बदलला. हा धडा कुठल्या शब्दकोशात आहे?

1855 साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. 'ज्ञानोदया'त छापून आला. तिला कुठली सहल? जगणं हेच तिचं पुस्तक. मारा, तिच्यावरही लाल रेघ मारा!

3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात ठरली. ठीक. पण ती जगवली कुणी? जात्यावरच्या बायांनी, फडातल्या शाहिरांनी, नाक्यावरच्या बापांनी.

म्हणून मागणी साधी आहे. सहलीचा खर्च सरकारनं भरावा. एकही पोर मागं राहिलं तर बस हलता कामा नये. आणि एक सहल आमच्या वस्तीत आणा. वह्या घेऊन या. ऐका, लिहा.

लाल पेन मात्र शाळेतच ठेवा.