तुरुंगाचे दार अभ्यासकाला बंद का?

गुन्हेगारीशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन आपल्या विद्यापीठांतून चालते, प्रबंध लिहिले जातात, पदव्या मिळतात. चळवळीतल्या कार्यकर्त्याला मात्र हा विषय पोलिसांचा आणि वकिलांचा वाटतो. ही समजूत घातक आहे.

या शास्त्राचा आपल्याकडील पूर्वेतिहास उजळ नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी जमातींच्या नोंदी केल्या, गुन्हेगारी वंशपरंपरेने येते असे मानले आणि १८७१ साली त्याचाच कायदा केला. माणसे जन्मतः गुन्हेगार ठरली; सोलापुरात त्यांच्या वस्तीभोवती तारांचे कुंपण पडले. १९५२ साली कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पोलिसांची पावले आजही पारध्यांच्या पालांकडे वळतात. खोटे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या कसे छळते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

खऱ्या संशोधनाचे बळही आपण पाहिले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. अभ्यासलेल्या ३७३ कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. तुरुंग-नियमावल्यांतील जातिभेद एका महिला पत्रकाराने शोधून उजेडात आणला. ते नियम सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविले.

सरकारी आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तरांवर गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. ही माणसे किती, हे आकडा सांगतो. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने कोण अडकून पडले, वकिलाची पहिली भेट केव्हा झाली, घरी चूल कशी पेटते, हे कैद्यासमोर बसल्याखेरीज कळत नाही. नेमके तेथेच दार बंद होते. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१५ साली राज्यांना कळविले की संशोधन, लेखन वा मुलाखतींसाठी तुरुंगात सामान्यतः प्रवेश देऊ नये. अपवाद केल्यास एक लाख रुपयांची अनामत घ्यावी. गरिबाघरच्या विद्यार्थ्याने हे लाख रुपये कोठून आणावेत?

सुरक्षिततेचा प्रश्न आहे, कैद्याच्या खाजगीपणाचाही आहे. त्यासाठी नियम जरूर असावेत. परंतु अर्जाचा निकाल ठराविक मुदतीत लागावा, नकाराची कारणे लेखी मिळावीत, अनामत विद्यार्थ्यांना माफ असावी आणि मुलाखत कैद्याच्या संमतीनेच, पहारेकऱ्याच्या कानाआड व्हावी. भटक्या-विमुक्तांच्या मुलामुलींना या विषयात संशोधनासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या पाहिजेत. ज्यांच्यावर इतरांनी प्रबंध लिहिले, त्यांनी आता आपली हकीकत स्वतः लिहावी.

आमच्या जिल्हा शाखांनी विधी आणि समाजकार्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांशी संबंध जोडावा, त्यांच्या अर्जांचा पाठपुरावा करावा, विधानसभेत प्रश्न विचारले जातील असे पाहावे. तुरुंगाच्या भिंती करदात्यांच्या पैशाने उभ्या आहेत. त्यांच्याआड काय चालते हे जाणून घेणे हा लोकांचा हक्क आहे, आणि तो लढूनच मिळवावा लागेल.