माथेरान : नावे आणि जमा

आम्हा बँकवाल्यांना एक वाईट खोड असते. रक्कम दिसली की ती कोणाच्या नावे टाकली आणि कोणाच्या खाती जमा झाली, हे पाहिल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

ई-रिक्षा येण्याआधीची गोष्ट. आईला घेऊन माथेरानला गेलो. डोंबिवलीकराला माथेरान म्हणजे परसातला डोंगर. कर्जत लोकलने नेरळ गाठले की झाले. हॉटेल मात्र साहेबाच्या काळातले निवडले. व्हरांडा एवढा लांब, की आमची अख्खी चाळ आडवी झोपली असती! भिंतीवर टोपीवाल्या साहेबांच्या तसबिरी. शेजारच्या आरामखुर्चीतले ठाण्याचे गृहस्थ म्हणाले, "आपल्या ठाण्याच्या कलेक्टरने, मॅलेटसाहेबाने, १८५० साली हा डोंगर शोधला, ठाऊक आहे?"

शोधला? डोंगर काय हरवला होता? ठाकर-कातकरी त्याच्या अंगाखांद्यावर आधीपासून वावरत होतेच की! पण जमा साहेबाच्या खाती. १९०७ साली झुकझुक गाडी वर आली, ती पीरभॉयांच्या खाती. ते रास्तच, पैसा त्यांचा. पण डोंगर फोडून रूळ टाकणाऱ्यांचे खाते कोणी उघडलेच नाही.

"आणि हातरिक्षा! ती गेली तर माथेरानची मजाच गेली," गृहस्थ पुढे म्हणाले.

मी खाली मान घातली. कारण त्याच सकाळी दस्तुरी नाक्यावर मी आईला हातरिक्षात बसवले होते. वर मोटारींना बंदी, आईचे गुडघे संपावर. एक जण पुढून ओढणारा, मागून ढकलणारे दोघे. तांबड्या मातीचा चढ लागला तशी त्यांची धाप ऐकू येऊ लागली. आई म्हणाली, "अरे, थांबव. माझे गुडघे दुखले तर दुखू देत. ह्यांच्या छातीवर बसून मला हवा खायची नाही." मग टेकत टेकत चालली. भाडे मी पूर्ण दिले. पण हिशेब काही जुळला नाही.

माणसाने माणसाला ओढण्याला कोणी परंपरा म्हणत असेल, तर त्याने एकदा पुढच्या दांड्याला हात घालावा. आरामखुर्चीतून परंपरा फार सुंदर दिसते! "पण त्यांच्या पोटाचे काय?" हा प्रश्न मात्र खरा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितले, तेव्हा पुनर्वसनाची योजना करायलाही सांगितले. म्हणजे ई-रिक्षाची किल्ली आजवर ओढत आलेल्याच्याच हातात पडली पाहिजे, एखाद्या भांडवलवाल्या भाचेबुवांच्या नव्हे. एवढी एक नोंद बरोबर झाली, तरच जुन्या वहीखाली सही करावी.

आणि हो, त्या व्हरांड्यात एक तसबीर अजून लावायची राहिली आहे. टोपी नसलेल्या माणसाची.