दोष बाईचा नाही, आखणीचा!

"आधी दाखला आणा, मग अर्ज घेऊ." दुसऱ्या खिडकीवर, "आधी अर्जाची पोच आणा, मग दाखला." अशा हेलपाट्यांत बाईची दिवसाची मजुरी बुडते, वर 'तुम्हालाच काही कळत नाही' हेही ऐकावं लागतं. मैत्रिणींनो, मला वाटतं दोष कामाच्या आखणीत असतो आणि तो गणिताने आधीच पकडता येतो!

जर्मनीच्या कार्ल अ‍ॅडम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून 'पेट्री नेट' आली. वर्तुळ म्हणजे टप्पा, चौकोन म्हणजे काम, ठिपका म्हणजे आपली फाइल. चौकोनाकडे येणाऱ्या प्रत्येक वर्तुळात ठिपका असेल तरच काम पुढे सरकतं. आपल्या दोन खिडक्या अशा काढून बघा, दोघी एकमेकींच्या ठिपक्याची वाट बघत बसलेल्या दिसतील.

नेदरलँड्सच्या विल व्हॅन डर आल्स्ट यांनी १९९० च्या दशकात कार्यालयीन कामांसाठी कसोटी मांडली. कुठल्याही टप्प्यावरून शेवट गाठता यावा, शेवटी काही लोंबकळत राहू नये, एकही पायरी निकामी नसावी.

उर्मट कारकून या चित्रात दिसणार नाही, हे खरं. पण नियम छापण्याआधी एवढी तपासणी सक्तीची का नसावी? कागदावरची चूक खोडरबराने जाते, खिडकीवरची आपल्या मजुरीने!