दर्यावरचा व्यापार कोणाच्या बळावर?

प्राचीन काळीं आपल्या देशाचा इराणी आखाताशीं व अरबस्तानाशीं मोठा व्यापार चाले, हें शाळेंतलें पोरही सांगेल. पण तो चालविला कोणीं, असें विचारतांच राजे आणि श्रेष्ठी पुढें येतात. सुतार, कोष्टी, लोहार हे जणूं त्या वेळीं जन्मलेच नव्हते! आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस विनंती कीं, हा प्रश्न त्यांनीं लेण्यांतल्या दगडालाच विचारावा.

सुमारें १९०० वर्षांपूर्वीं एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या दर्यावर्द्यानें बंदरांची माहिती लिहून ठेविली. पैठण व तेरचा माल गाड्यांत घालून बिकट वाटांनीं भडोचला जाई. तेरहून साधें सुती कापड पुष्कळ येई. भडोचेहून तांबें, सागवानी तुळया व आबनूस भरून गलबतें इराणी आखातांत जात. कापड विणलें कोणीं, साग तोडला कोणीं, बैल हांकले कोणीं, हें तो सांगत नाहीं. लेणीं सांगतात. कार्ल्याच्या चैत्याचें दार धेनुकाकटच्या सामि नांवाच्या वढकीनें केलें असें तेथें कोरलें आहे. वढकी म्हणजे नागपूरकडे ज्याला वाढई म्हणतात तो सुतार. त्याच चैत्यांतले खांब धेनुकाकटच्या यवनांनीं दिले. यवन आणि सुतार एका छताखालीं, आणि विटाळ कोणालाच झाला नाहीं! कान्हेरीस वाट करून दिली ती कल्याणच्या नंद लोहारानें. नाशिकास शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानें भिक्षुसंघासाठीं ३००० कार्षापण ठेविले, ते कोणा शेटजीकडे नव्हे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. २००० दरमहा शेंकडा एक आणि १००० शेंकडा पाऊण व्याजानें. विणकराच्या शब्दाला एवढी पत होती. आज त्याच विणकराला कर्जासाठीं जामीन शोधावा लागतो.

इकडे शास्त्रकारांचें काय चाललें होतें? बौधायनानें समुद्रप्रवास पातकांत घातला; समुद्रावर जाणाऱ्या ब्राह्मणास श्राद्धाला बोलावूं नये, असें मनुस्मृति सांगते. तरीही तांडेल व खलाशी थांबले नाहींत, आणि परक्यांचें येणेंही थांबलें नाहीं. इ. स. १००९ व १०२१ मध्यें पारशी मंडळी कान्हेरीस येऊन पहलवी लिपींत आपलीं नांवें कोरून गेली, तीं अजून तेथें आहेत.

चैत्रांत एकविरेच्या यात्रेला आमचे कोळी व आगरी बांधव कार्ल्यास जातात. देवळाला लागूनच तें चैत्य आहे. यंदा पोरांना आंत न्यावें. अक्षरें ब्राह्मी आहेत, तीं वाचतां येणार नाहींत. म्हणून गांवच्या गुरुजींनीं त्या लेखांचा अर्थ आधीं वहींत उतरून घ्यावा आणि तेथें उभें राहून मोठ्यानें वाचून दाखवावा.